काश्मीर ग्रेट लेक्स झेपेल का?

प्रश्न: सह्याद्रीत बरीच वर्षं फिरतेय, कळसूबाई तर चारदा झालं. आता पन्नाशीत काश्मीर ग्रेट लेक्स हा तिथल्या उंचावरच्या तळ्यांचा ट्रेक करावासा वाटतोय, जमेल?

उत्तर: ताई, नक्की जा! चालायची सवय आहेच तुम्हाला, प्रश्न आहे उंचीचा. कळसूबाई 1646 मीटर, आणि ट्रेक सुरू होतो ते सोनमर्गच त्याच्या हजारेक मीटर वर, पुढे गाडसर पास, म्हणजे खिंड, तर साधारण 4200, त्यामुळे उंचीची सवय व्हायला सोनमर्गला एक-दोन रात्री राहाच, घाई नको. डोकं दुखून मळमळलं तर लपवू नका, लगेच लीडरला सांगा, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं. पासवरून विशनसर-किशनसर दोन्ही तळी एकत्र दिसतात, तिथे निवांत बसा हो. शेवटी गंगाबल तळ्याहून नारानाग गावाची उतरण गुडघे काढते, काठी न्याच.