अफगाण मुलीला वकील व्हायचंय? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

तुमच्या शेजारच्या अफगाण निर्वासित मुलीला कॉलेजात प्रवेश कसा मिळवायचा, असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंत: हातात यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड, बारावीचे मूळ कागद काबूलमध्ये, कॉलेज म्हणतंय ‘दूतावासाचा शिक्का आणा’, आणि तिला एलएलबी करून बायकांच्या केसेस लढवायच्यात. ताई, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका अफगाण मुलीच्या बाबतीत हे जसंच्या तसं घडलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही. नियम बदलतात, तेव्हा खात्री करून घ्या. कार्ड, व्हिसा वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडून देते.

आमचं अख्खं वर्ष त्या शिक्क्यानं खाल्लं. एका कॉलेजचा परदेशी विद्यार्थी विभाग. नाव घेत नाही. त्यांच्या छापील यादीत दूतावासाच्या पत्राची ओळ होती आणि तिच्यापुढे टिक झाल्याशिवाय फाइल हलणार नव्हती. जी मुलगी स्वतःच्या देशाकडे संरक्षण मागू शकत नाही म्हणूनच निर्वासित ठरली, तिला त्याच देशाच्या दारात पाठवायचं! हे सांगितलं की समोरचा माणूस यादीवर बोट ठेवायचा. नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. आजही आठवलं की संताप होतो.

आता तर तो मार्ग धरूच नका. दिल्लीतला, तालिबानच्या आधीच्या सरकारच्या लोकांचा अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबाननं आपला माणूस नेमला. मुलीचं नाव, पत्ता, तिकडच्या घरच्यांची माहिती तिथे देण्याआधी यूएनएचसीआरला विचारा. तिच्या निर्वासित दर्जावरही परिणाम होऊ शकतो. आम्ही शेवटी यूएनएचसीआरचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या प्राचार्यांना थेट भेटलो, तेव्हा काम झालं. कागद मिळणारच नसतील तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची परीक्षा द्या. तिथे कमाल वयाची अट नाही. खर्चासाठी यूएनएचसीआरच्या डाफी शिष्यवृत्तीची चौकशी करा. ती १९९२ पासून निर्वासितांच्या पदवी शिक्षणासाठीच आहे.

आता न आवडणारी गोष्ट. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ चं कलम २४ वाचा. सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मिळायला भारताचं नागरिकत्व लागतं. परदेशी माणसाला सूट आहे, पण त्याच्या देशात भारतीयांना वकिली करू देत असतील तरच. म्हणजे एलएलबी होईल, काळा कोट मिळेलच असं नाही. हे प्रवेशाच्या वेळी कुणीही सांगत नाही. माझं स्पष्ट मत: समाजकार्यातली पदवी, बीएसडब्ल्यू, मग एमएसडब्ल्यू करू दे. कायदा तिला शिकता येईलच, पण पोट सनदेवर टांगून ठेवू नका.

माझ्याकडे शिकणारी आमची मुलगी त्याच वाटेनं गेली. तालिबाननं मोठ्या मुलींच्या शाळा उघडायच्या दिवशीच पुन्हा बंद केल्या, तेव्हा २३ मार्च २०२२ ला तिची धाकटी बहीण काबूलमध्ये शाळेच्या फाटकातून परत आली, त्याच डिसेंबरात विद्यापीठंही मुलींना बंद झाली. त्या रागावर आमची मुलगी इथे अभ्यास करायची. पुढे एका पोलीस चौकीत तिनं पाहिलं, मार खाल्लेल्या बाईला फक्त दरी ही अफगाण भाषा येत होती आणि तिचा जबाब नवराच हिंदीत सांगत होता. ही मधे खुर्ची ओढून बसली, म्हणाली, ‘आता मी सांगते.’ २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ‘कोणतीही स्त्री’ म्हणतो, नागरिक म्हणत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. हे दोन्ही कायदे आमच्या मुलीला तोंडपाठ आहेत आणि कोर्टात उभं न राहता ती रोज वापरते.

एक सांगायचं राहिलं. जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे अफगाण ओळखपत्रावर, बहुधा जन्मतारीख नसते, अमुक साली वय इतकं एवढंच, तेही तिकडच्या हिजरी शम्सी कालगणनेच्या वर्षात. मग इथल्या कागदांवर १ जानेवारी पडते, आडनावाच्या रकान्यात कधी वडिलांचं नाव जातं, कधी आजोबांचं. सगळीकडे एकच तारीख आणि एकच स्पेलिंग आजच ठरवा.

आणि कॉलेजकडून नकार लेखी मागा. तोंडी नकारावर दाद मागणं अवघड जातं. मसुदा हवा असेल तर विचारा, आमचा अर्ज जपून ठेवलाय.