०→१०, १→०१ : स्थिर बिंदू का सापडत नाही

तुम्ही विचारलंत, की प्रोग्राममधून एकच अनंत शब्द (० आणि १ ची न संपणारी रांग) का ठरत नाही. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. तुम्ही ० पासून सुरुवात करून ०→१०, १→०१ हा मॉर्फिझम (प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेला शब्द ठेवण्याचा नियम) पुन्हापुन्हा लावलात. ०, १०, ०११०, १००१०११० असे शब्द आले, पहिलं अक्षर दर खेपेला उलटलं आणि अनंत शब्द काही ठरेना. तो ठरणारच नाही, कारण या मॉर्फिझमला स्थिर बिंदूच नाही, म्हणजे तो लावूनही तसाच राहणारा अनंत शब्दच नाही.

समजा एखादा अनंत शब्द त्याने बदलत नाही. तो ० ने सुरू होत असेल, तर मॉर्फिझम लावल्यावर सुरुवातीला १० येणार; पण शब्द तर तोच राहायला हवा! १ ने सुरू होणाऱ्याचीही हीच गत.

आता तुमच्याच यादीतली एक आड एक ओळ वाचा: ०, ०११०, ०११०१००११००१०११०. प्रत्येक ओळ ही पुढच्या ओळीची सुरुवात आहे. म्हणजे मॉर्फिझम दोनदा लावला (०→०११०, १→१००१) की स्थिर बिंदू मिळतो, आणि तो आपला थ्यू-मोर्स शब्द, जो नेहमी ०→०१, १→१० ने काढतात. मधल्या ओळींतून त्याचा पूरक शब्द (० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०) घडतो. तुमचा मॉर्फिझम या दोघांची अदलाबदल करत राहतो, एवढंच.

स्थिर असण्याचा खरा उपयोग पुढे आहे. नॉर्वेजियन गणितज्ञ आक्सेल थ्यूने १९१२ मध्ये दाखवलं की या शब्दात 'अ य अ य अ' असा तुकडा (अ एक अक्षर, य कितीही लांब, रिकामाही चालेल) कुठेच येत नाही. शब्द जोड्यांत तोडा: ०१|१०|१०|०१. जोडी ०१ किंवा १० यांपैकीच एक, त्यामुळे ०० आणि ११ नेहमी रेघेवरच पडतात. सलग तीन अक्षरांत एक पूर्ण जोडी येतेच, म्हणून ००० अशक्य. लांब तुकड्यात 'अ य' ची लांबी विषम असली, तर कुठलातरी ०० किंवा ११ रेघेवर न पडता जोडीच्या आत पडतो, आणि ते अशक्य. लांबी सम असली, तर जोड्या उलट वाचून (०१ च्या जागी ०, १० च्या जागी १) त्याहून छोटा तसाच तुकडा मिळतो, आणि शब्द ०→०१, १→१० ने स्थिर असल्यामुळे तो याच शब्दात असतो. असं उतरत उतरत शेवटी अशक्य तुकड्याशी पोचतो. मला ही सिद्धता अजूनही तितकीच आवडते.

जमलं तर ०→१०, १→० करून बघा. तिथेही पहिलं अक्षर उलटतं, पण दोनदा लावल्यावर ०→०१०, १→१० मिळतो आणि ० ने व १ ने सुरू होणारे दोन वेगळे स्थिर बिंदू निघतात. ओळींची लांबी १, २, ३, ५, ८ अशी वाढते: लघु-गुरूंची मात्रावृत्तं मोजताना बाराव्या शतकातल्या जैन पंडित हेमचंद्राने मांडलेल्याच संख्या.