'बघू', 'साधारण', 'होऊन जाईल' असं मोघम बोलल्याने विश्वासार्हता कमी होते का? ही सवय कशी मोडावी?

होते. १९७८ साली अमेरिकी संशोधक विल्यम ओबार आणि सहकाऱ्यांनी एकच साक्ष दोन तऱ्हांनी ऐकवून पाहिली. जो साक्षीदार चाचरत, 'वाटतं', 'बहुधा' करत बोलला त्याच्यावर ऐकणाऱ्यांनी कमी विश्वास ठेवला. पण 'साधारण' परवडलं. खरा घात करतात ती कर्ता गिळणारी वाक्यं: 'राहून गेलं', 'होऊ शकलं नाही'. मराठीत तर ही सोय उदंड. ग्लास फुटतो, फोडत कोणीच नाही.

काही वर्षांपूर्वी क्लायंटचा डेटा नव्या सर्व्हरवर हलवताना तीन दिवसांच्या नोंदी उडाल्या. बॅकअप घेणं माझं काम होतं आणि मी तो घेतला नव्हता. मेलमध्ये तसंच लिहिलं. साहेबांनी मसुदा मागवला, 'मी' खोडला आणि पाठवलं, 'काही तांत्रिक कारणांमुळे बॅकअप उपलब्ध होऊ शकला नाही.' दुसऱ्या दिवशी कॉलवर पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे घेतला होता आणि सापडत नाही, की घेतलाच नव्हता?"

साहेब म्हणाले, "तसं बघायला गेलं तर दोन्ही."

कोणीच बोलेना. मग पलीकडून म्यूट झालं. तेवढ्यात काय बोलणं झालं असेल ते झालं, पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी प्रत्येक कामाचा स्क्रीनशॉट पाठवायचं आमच्या गळ्यात पडलं. नोंदी आठवड्यात भरून दिल्या. स्क्रीनशॉट वर्षभर गेले. बॅकअप न घेणं त्यांनी माफ केलं होतं हो, ते 'दोन्ही' नाही.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनीही इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर जानेवारी १९८७ मध्ये 'गंभीर चुका झाल्या' असंच म्हटलं होतं. मार्चमध्ये 'पूर्ण जबाबदारी माझी' म्हणावं लागलं. सव्वा महिन्यात का होईना, म्हणाले तरी. आमच्याकडे तेही नाही.

सवय मोडायची तर वाक्यात 'मी' आणि वार घाला: 'मी गुरुवारी देतो.' खरंच माहीत नसेल तर 'आत्ता माहीत नाही, सोमवारी सांगतो' म्हणा. तो मोघमपणा नव्हे. प्रकरण कोर्टात असेल तर मात्र माझं ऐकू नका, वकिलाचं ऐका.

साहेब आजही भेटले की म्हणतात, "तुला वाचवला गेला होता, लक्षात आहे ना?" कोणी, ते अजूनही सांगत नाहीत.