गैरहजर पेशंट

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. मेडिसिनची एमडी हातात असताना क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीकडे, म्हणजे पेशंटच्या गटांवर अभ्यास करून उपचारांचं खरं-खोटं तपासायच्या शास्त्राकडे, वळायचं म्हटल्यावर घरचे बावचळणारच. माझी आई शेजारणींना 'साथीचा डॉक्टर' सांगायची; साथ नसेल तेव्हा हा काय करतो, हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही.

ओपीडी मात्र सोडू नकोस. डेव्हिड सॅकेट यांनी १९६७ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात या विषयाचा विभाग उभा केला. प्राध्यापकी झाली, जगभर नाव झालं, आणि ४९व्या वर्षी हा माणूस पुन्हा मेडिसिनची रेसिडेन्सी करायला गेला! आपल्याकडे पन्नाशीला टेकलेला प्रोफेसर रेसिडेंट म्हणून नाइट ड्यूटीला उभा राहिलेला मी तरी पाहिलेला नाही. (मीही राहिलो नाही, हे कबूल.)

इतक्या लांब कशाला, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघ. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं दगावायची. पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी हृदयाचं, फुफ्फुसांचं काय होतं ते टिपलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून जीव वाचवले. एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. पण २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांची ७० पेशंटची चाचणी छापून आली: काहींना नुसतं प्राझोसिन, काहींना जोडीला विंचवाचं प्रतिविष. जोडीवाले लवकर सावरले. ज्या औषधाने नाव दिलं, ते एकटं पुरतं का, हे स्वतःच तपासायला छाती लागते.

आता माझी फजिती. थिसिसला हार्ट फेल्युअरचे ६० पेशंट, सहा महिन्यांनी फॉलो-अप. ११ जण फिरकलेच नाहीत. मी गाइडना म्हणालो, "बरे झाले असतील सर, म्हणून आले नसतील." सरांनी केसपेपरचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "पत्ते आहेत ना यावर?"

एसटीने हिंडलो. पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे', एवढाच. एका घरी ओसरीवर फोटो होता, त्याला चंदनाचा हार, हारावर धूळ. म्हातारीने आधी गूळ-पाणी दिलं, मग म्हणाली, "तुमच्याच गोळ्या चालू होत्या की." ११पैकी सहा गेले होते. एक बाई मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर ऊसतोडीच्या फडावर. बरा झाला म्हणून न आलेला एकच सापडला, आणि तोही हॉस्पिटलवर चिडलेला. जगलेल्यांचा माझा देखणा टक्का पार कोसळला. त्या चार दिवसांत जे कळलं, ते नंतर कुठल्या कोर्समध्ये कळलं नाही.

कोर्सचं म्हणशील तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था बघ. पैसा प्रॅक्टिसवाल्या बॅचमेटइतका मिळणार नाही. तो विषय इथेच मिटवू. स्टॅटिस्टिशियनशी मात्र प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहायच्या आधी दोस्ती कर. डेटा गोळा झाल्यावर तोही हात वर करतो.

तू पाठवलेली एक्सेल शीट पाहिली. १४४ ओळी आहेत, आणि शेवटच्या रकान्यात २३ जागा रिकाम्या. रविवारी येशील तेव्हा त्या २३ जणांचे केसपेपर घेऊन ये.

तुझा,
सर