सांध्यांची रचना आणि हालचाल : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. बिजागरीच्या सांध्याचे उदाहरण म्हणून आम्ही गुडघा सांगतो. तो खरोखर दाराच्या बिजागरीसारखा असतो का?

उत्तर : वर्गीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि ते वर्गातच दाखवता येईल. विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवून गुडघा काटकोनात वाकवायला सांगा, नडगीवर बोटे ठेवायला सांगा आणि मांडी न हलवता पाऊल आत-बाहेर वळवायला लावा. नडगी स्वतःभोवती किंचित फिरताना हाताला जाणवेल. दाराची बिजागरी असे कधीच करत नाही. पाय पूर्ण सरळ होताना मात्र मांडीचे आणि नडगीचे हाड शेवटच्या काही अंशांत एकमेकांवर वळतात, हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंध ताणले जातात आणि सांध्याला जणू कुलूप लागते. म्हणूनच ताठ उभे राहताना मांडीच्या स्नायूंवर फारसा ताण येत नाही. बिजागरीसाठी मी कोपराचे उदाहरण घेईन. तिथेही दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड एवढीच जोडी बिजागरीसारखी चालते. कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या बाजूचे हाड ज्या सांध्यात फिरते, तो खुंटीचा सांधा कोपराच्या त्याच आवरणात, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीत, असतो.

प्रश्न : कबड्डी खेळताना मुलाचा खांदा दोनदा निखळला. खुब्याचा सांधाही उखळीचाच, मग तो असा सहज का निखळत नाही?

उत्तर : उखळीच्या सांध्यात एका हाडाचे गोल टोक दुसऱ्या हाडाच्या खोबणीत, म्हणजे उखळीत, फिरते; या दोन्ही उखळींच्या खोलीत फरक आहे. शरीराचा भार पेलणाऱ्या खुब्याची उखळ खोल असते, तर खांद्याची बशीसारखी उथळ असून दंडाच्या हाडाच्या गोल टोकाचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा एका वेळी तिला टेकतो. हात डोक्यावर आणि पाठीमागे नेता येतो तो या उथळपणामुळेच. पण मग सांधा सांभाळण्याचे काम उखळीभोवतीची कूर्चेची (लवचीक, मऊ हाडाची) कड, आवरण आणि स्नायू यांच्यावर येते. खांदा निखळताना बहुधा पुढची कड फाटते, त्यामुळे तरुण वयात तो पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो. मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा, आणि मैदानावर कोणालाही खांदा ओढून बसवू देऊ नका, कारण त्यात नसेला इजा होऊ शकते.

प्रश्न : बोटे मोडल्याने संधिवात होतो का?

उत्तर : तसा पुरावा नाही. बोट ताणले की सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब घटतो आणि त्यात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. आवाज तिच्याशी निगडित आहे, हाडांच्या घासण्याशी नाही. लगेच पुन्हा बोट मोडत नाही, त्याला सुमारे २० मिनिटे लागतात. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी सुमारे ५० वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हातांत संधिवात आढळला नाही, असे १९९८ मध्ये नोंदवले. एका माणसाचा अनुभव तोकडाच, तरी त्यांची चिकाटी मला आदरणीय वाटते. आवाजासोबत वेदना किंवा सूज असेल तर मात्र तपासणी करून घ्या.

प्रश्न : कवटीचे सांधे अचल असतात, मग बाळाची टाळू का उडते?

उत्तर : तिथली हाडे अजून जुळलेली नसतात, मधे मजबूत पडदा असतो आणि त्यातून नाडीचे ठोके दिसतात. पुढची टाळू बहुधा दीड वर्षाच्या आसपास भरते. तेल घातल्याने ती लवकर भरत नाही. जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली किंवा तापात फुगली, तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या.