उपग्रहाला तुमची जमीन किती दिसते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उपग्रहावरून काढलेले जमिनीचे नकाशे आता थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिसू लागले आहेत. त्यांचा अर्थ लावताना पडलेले काही प्रश्न वाचकांनी पाठवले. त्यांतले सहा आज घेतो.

प्रश्न : एका अॅपवर माझ्या सोयाबीनच्या शेताचा हिरवा-पिवळा नकाशा दिसतो. पिवळ्या भागात माती कमी कसाची आहे असे समजून तिथे जास्त खत टाकू का? (शेतकरी, औसा)

उत्तर : खताची गोणी फोडण्याआधी त्या पिवळ्या भागात जाऊन या. अॅपवर दिसतो तो बहुधा एनडीव्हीआय हा निर्देशांक. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवते. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागले की हा आकडा मिळतो. म्हणजे मोजला जातो तो पाला, माती नव्हे. नत्र, स्फुरद, पालाश त्यात दिसत नाहीत. पीक विरळ होण्यामागे वर आलेला मुरूम असेल, साचलेले पाणी असेल, पिवळा मोझॅक हा रोग असेल किंवा पेरताना तुंबलेली नळी. उलट तणाने भरलेला तुकडा नकाशावर छान हिरवा दिसतो! शिवाय पीक दाटून ओळी मिळाल्या की आकडा फारसा वाढत नाही, त्यामुळे चांगले पीक आणि उत्तम पीक यांतला फरक पुसट होतो.

तरीही हा नकाशा फार उपयोगाचा आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची २०१५ पासूनची चित्रे मोफत मिळतात. चार-पाच खरिपांची, निरभ्र दिवसांची चित्रे शेजारी ठेवून पाहा. पीक बदलले तरी दर वर्षी तोच तुकडा मागे पडत असेल, तर कारण बहुधा जमिनीतच आहे. तिथला मातीचा नमुना वेगळा काढा. मृदा आरोग्य पत्रिकेवर एवढ्यासाठी विसंबू नका. त्या योजनेत कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना धरला होता. तुमच्या शेतातला फरक त्यात कसा उतरेल?

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरला. गुगलच्या उपग्रह चित्रावर मोबाइलने हद्द दाखवली तर मोजणीत चालेल का? (वाचक, जुन्नर)

उत्तर : नाही. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मोबाइलचे जीपीएस काही मीटरांनी चुकते, आणि खालचे चित्रही जागेवरून थोडे सरकलेले असू शकते. वाद हातभर जमिनीचा आणि चूक त्याहून मोठी, मग निवाडा कसा व्हायचा? सेंटिनेल-२ च्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ३० मीटरचा ठिपका सुमारे नऊ गुंठ्यांचा. हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच ठरते. ती आता रोव्हर या उपग्रह-संकेतांवर चालणाऱ्या मोजणी यंत्राने होते आणि काही सेंटीमीटरपर्यंत नेमकी असते. जुन्या चित्रांतून एक गोष्ट मात्र कळू शकते : बांधावरचे मोठे झाड अमुक वर्षी उभे होते की नाही.

प्रश्न : आमच्या उसाच्या रानात पांढरे डाग पसरत आहेत. क्षारपड किती वाढली हे उपग्रहावरून कळेल? (शेतकरी, शिरोळ)

उत्तर : बऱ्याच अंशी कळेल. मार्च ते मे या काळात रान मोकळे असताना क्षारांचा पांढरा थर चित्रात लख्ख दिसतो. लँडसॅटची ३० मीटरची चित्रे १९८० च्या दशकापासून सुरू होतात, त्यामुळे डाग केव्हा उमटला आणि कुठल्या बाजूने वाढला याचा माग काढता येतो. तो बहुतेक वेळा सखल भागाकडे आणि ओढ्याच्या काठाने सरकतो. जास्तीचे पाणी आणि बंद झालेला निचरा हे मूळ कारण त्यातूनच उघडे पडते. ही चित्रे एका शेतकऱ्याने पाहून भागणार नाही, कारण निचऱ्याची चर एका गटापुरती काढून उपयोग नसतो. शिवाराने एकत्र बसून ती पाहावीत.

पण पांढरे ते सगळे क्षार नव्हेत. चुनखडीची माती आणि कोरडी वाळूही तशीच चमकते. शिवाय चोपण जमिनीवर पांढरा थर येईलच असे नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात माती वरून काळीभोर दिसते आणि खाली सोडियमने तिचा निचरा बसलेला असतो. तिथे उपग्रहापेक्षा प्रयोगशाळा महत्त्वाची. मातीतल्या क्षारांचे माप असलेली विद्युत वाहकता मीटरमागे ४ डेसिसायमनच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेले) १५ टक्क्यांच्या वर गेले तर चोपण. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

प्रश्न : कोकणात पावसाळाभर ढग. मग भाताचे क्षेत्र कसे मोजतात? (विद्यार्थिनी, दापोली)

उत्तर : रडारने. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. लावणीच्या वेळी पाणी भरलेले खाचर रडारच्या चित्रात काळे दिसते आणि भात वाढेल तसे उजळत जाते. हा बदल पाहूनच भात ओळखतात. इस्रोचा ईओएस-०४ आणि जुलै २०२५ मध्ये सोडलेला निसार हे दोन्ही रडार उपग्रहच.

प्रश्न : आमच्या गावचा चराऊ माळ नकाशावर पडीक जमीन म्हणून दाखवला आहे. तो कुणाला तरी प्रकल्पासाठी दिला जाईल अशी भीती आहे. (ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुमची भीती मला रास्त वाटते. देशाचा पडीक जमिनींचा अॅटलास केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून काढतात. काम कसोशीचे आहे. पण उपग्रह सांगतो ते एवढेच : माती उथळ आहे, झुडपे तुरळक आहेत, गवत वर्षातले काही महिनेच हिरवे असते. अशी जमीन कोणत्या वर्गात टाकायची हे वर्गांची सूची करणारी माणसे ठरवतात. माळरान हे मुळातच विरळ झाडांचे, उन्हाळ्यात वाळणारे परिसंस्थान आहे. तुमच्याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावे लागले. काळवीट, लांडगे आणि धनगरांची मेंढरे याच माळांवर जगतात. साताऱ्याजवळचे कास पठारही खडकावरच्या वीतभर मातीवर फुलते, आणि २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे. उत्पन्न केवळ नांगराने मोजणारी वर्गवारी मला मान्य नाही.

आता करायचे काय? सप्टेंबर, जानेवारी आणि मे, अशा तीन वेळची चित्रे काढा. माळावर ठरावीक जागी उभे राहून त्याच महिन्यांत अक्षांश-रेखांशासह फोटो घ्या. किती कळप चरतात, कुठले गवत, कुठले पक्षी, हे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहा. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडा. नुसत्या तोंडी हरकतीपेक्षा अशा नोंदींना वजन असते.

प्रश्न : मातीचा नकाशा कितीही मोठा करून पाहिला तरी आमचे अख्खे गाव एकाच रंगात दिसते. असे का? (वाचक, वर्धा)

उत्तर : तुम्ही बहुधा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचा १ : २,५०,००० प्रमाणाचा नकाशा पाहिला असावा. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. चौरस मिलिमीटरभर ठिपक्यात पंधरा एकर मावतात. तो जिल्ह्याच्या नियोजनासाठी आहे. गावासाठी १ : १०,००० चा नकाशा हवा, आणि त्याची सुरुवात तुम्हीही करू शकता. क्यूजीआयएस हे नकाशे करायचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून कार्टोसॅट उपग्रहाचे जमिनीच्या उंचीचे आकडे घेऊन उतार काढा. आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशात माथ्यावर हलकी मुरमाड आणि पायथ्याला खोल काळी माती असते, त्यामुळे उतारावरून मातीच्या हद्दींचा पहिला अंदाज येतो. मग माथा, मधला उतार आणि पायथा अशा तीन जागी खड्डे घ्या, मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा, आणि त्या आकड्यांनुसार हद्दी दुरुस्त करा.