'सामसारा'बद्दल इतकी परस्परविरोधी मते का ऐकू येतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: चिपळूणला राहणाऱ्या आईला निवृत्तीनिमित्त गेर्लां या फ्रेंच घराण्याचे 'सामसारा' हे परफ्यूम द्यावे असे आपल्या मनात आहे, परंतु ते वापरलेल्या काही जणी त्याला चंदनाचा राजेशाही सुवास म्हणतात, तर काही जणी त्याच्या गोडपणाने डोके चढते म्हणतात, तेव्हा खरे कोणाचे मानावे आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते अंगावर कसे वागेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते आणि 'सामसारा' बरीच वर्षे वापरते आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहू शकेन. माझ्या मते दोन्ही प्रकारच्या स्त्रिया खरेच सांगत आहेत. बाटली एक असली तरी कोणी फवारल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांविषयी बोलते, कोणी संध्याकाळी पदराला उरलेल्या वासाविषयी, कोणी वातानुकूलित दुकानातल्या कागदी पट्टीविषयी आणि कोणी शेजारी बसलेल्या बाईच्या अंगाला येणाऱ्या वासाविषयी.

हे परफ्यूम झां-पॉल गेर्लां यांनी रचले आणि ते 1989 मध्ये बाजारात आले. जाई-मोगऱ्याच्या कुळातील फुले आणि चंदन ही त्याची मुख्य जोडी. आरंभी बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा आणि यलांग-यलांग या फुलाचा वास, आणि तळाशी व्हॅनिला व टोंका नावाची गोड वासाची बी. त्या दशकात खोलीभर पसरणाऱ्या भारदस्त सुवासांची चलती होती, हे लक्षात ठेवलेले बरे. डिओरचे 'पॉयझन' 1985 चे, आणि त्याच्या भपकाऱ्याची आठवण अनेकांना अजून आहे. 'सामसारा' त्याच काळाचे अपत्य असल्यामुळे ते हलके असावे ही अपेक्षाच चुकीची ठरते, आणि आजची धुवट, साबणासारखी, फळांच्या वासाची परफ्यूम वापरून सवय झालेल्या तरुण मुलींना ते 'मोठ्या बायकांचे' वाटते यात नवल नाही.

आता मुख्य मुद्दा. परफ्यूममधले सगळे घटक एकाच वेगाने उडत नाहीत. बर्गमॉटच्या तेलात भरपूर असणारे लिमोनीन सुमारे 176 अंश सेल्सिअसला उकळते, तर चंदनाच्या तेलातील आल्फा-सँटॅलॉलचा उत्कलनबिंदू 300 अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे लिंबाचा ताजेपणा काही मिनिटांत निघून जातो, मधले फूल तास-दोन तास राज्य करते आणि चंदन, व्हॅनिला, टोंका ही मंडळी रात्रीपर्यंत ठाण मांडून बसतात. ज्या बाईने दुकानात पट्टी हुंगून निर्णय घेतला, तिने खऱ्या 'सामसारा'ला ओळखलेलेच नाही. आणि जिला फूल व व्हॅनिला एकत्र उसळतात तो मधला टप्पा सोसवला नाही, ती बहुधा चंदनापर्यंत पोचलीच नाही, कारण तिने तोवर हात धुऊन टाकलेले असतात.

कोकणच्या हवेत हा मधला टप्पा अधिक उग्र होतो. वैशाखात सकाळी दहाच्या सुमारास अंगाला घाम फुटलेला असताना त्वचा तापलेली असते, घटक भराभर उडतात, दमट हवेत वास अंगाभोवती रेंगाळतो, आणि घाम व व्हॅनिला यांचे मिश्रण होऊन जे काही तयार होते त्याला मी सुवास म्हणणार नाही. बंद काचेच्या गाडीतून आंबा घाटाने कोल्हापूरला जाताना तर ते मुळीच लावू नये. सोबतच्या माणसांना वळणांचा त्रास आधीच पुरेसा असतो. उलट पौष-माघातल्या गार पहाटे, किंवा पावसाळ्यात दिवसभर झड लागून गारवा आलेला असताना, तेच परफ्यूम शांत उलगडते आणि त्यातले लाकूड फुलाच्या बरोबरीने येते. माझ्या ओळखीतल्या ज्या बायकांना ते मनापासून आवडते, त्यांतील बहुतेक जणी ते लग्नसराईत संध्याकाळच्या समारंभाला लावतात, हा केवळ योगायोग नसावा.

दुसरी गोष्ट आपल्या नाकाच्या आठवणींची आहे. फ्रान्समधल्या बाईला चंदन म्हणजे दूरदेशीची चैन. आपल्याला ते देवघरातले गंध, दिवाळीचे उटणे, अभ्यंगस्नानाचा साबण. माझ्या सासूबाईंनी 'सामसारा' लावलेले माझे मनगट हुंगून विचारले होते, "चंदन आहे हे खरं, पण त्यात साखर कशाला घातलीय गो?" इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे ऐकलेले नाही. त्या रोज सहाणेवर खोड उगाळतात. पाण्यात चंदनाचे तेल फारसे विरघळत नाही, म्हणून त्या पातळ पिवळसर गंधाचा वास अगदी जवळ गेल्यावरच येतो, किंचित दुधाळ आणि ओल्या लाकडाचा, आणि पाण्याच्या गारव्यामुळे तो थंड भासतो. तेच तेल अल्कोहोलमध्ये, व्हॅनिला आणि टोंकाच्या संगतीने, ऊबदार त्वचेवर येते तेव्हा ते गार राहत नाही, तर गोड आणि मऊ होते. ज्यांना देवघरातले चंदन हवे असते त्यांची इथे निराशा होते, आणि ज्यांना देवघराची आठवण अंगावर नको असते त्यांनाही ते खटकते. देवगडला राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंना मात्र त्यात सुरंगीच्या वळेसराची मधाळ झाक जाणवते आणि त्या ते आनंदाने लावतात.

फुलाचेही तसेच आहे. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा घटक नैसर्गिकरीत्याच असतो. अल्प प्रमाणात तो फुलाला खोली देतो, पण प्रमाण वाढले की कुजकट वाटतो. ज्यांचे नाक इंडोलला तिखट आहे, त्या स्त्रिया फुलांच्या जड परफ्यूममध्ये आधी तोच पकडतात आणि 'शिळ्या गजऱ्याचा वास' असे म्हणतात.

नाकांतला हा फरक काल्पनिक नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की ओआर7डी4 या एका गंधग्राहक जनुकातील भेदांमुळे अँड्रोस्टेनोन हा एकच रेणू कोणाला घामट, कोणाला गोडसर वाटतो आणि कोणाला त्याचा वासच येत नाही. 2013 मध्ये व्हायोलेटच्या वासाच्या बीटा-आयोनोनबाबतही ओआर5ए1 या जनुकाचा असाच संबंध दाखवला गेला: काहींना तो फुलासारखा सुगंधी लागतो, काहींना आंबट. परफ्यूम म्हणजे अशा अनेक रेणूंचा मेळ; त्यातला एखादा धागा आपल्याला मुळी येतच नसेल, तर उरलेली वीण वेगळी दिसणारच. म्हणून 'तुला वासाची पारख नाही' असे कोणी कोणाला म्हणू नये असे मला कळकळीने वाटते.

याच्याच जोडीला नाक सरावते. लावणाऱ्या बाईला अर्ध्या तासाने स्वतःचा वास येईनासा होतो, तिला वाटते उडून गेला, म्हणून ती पुन्हा फवारते, आणि शिक्षक-खोलीत तिच्याशेजारी बसलेली व्यक्ती खिडकी उघडते. 'फार टिकत नाही' आणि 'फार उग्र आहे' ही दोन मते एकाच दिवशी, एकाच बाईबद्दल खरी असू शकतात.

जुन्या आणि नव्या बाटलीत भेद आहे, अशी तक्रारही आपल्या कानावर येईल. मूळ रचनेत चंदनाच्या तेलासोबत पॉलिसँटॉल हा कृत्रिम चंदनगंधी घटकही होता. पुढे भारतातले चंदन तोडीमुळे आणि चोरीमुळे दुर्मीळ व महाग झाले. आज ऑस्ट्रेलियातही भारतीय चंदनाच्या मोठ्या लागवडी आहेत. ज्या स्त्रियांनी नव्वदच्या दशकातली बाटली वापरली आहे, त्या आताचे 'सामसारा' पातळ झाले असे म्हणतात. माझ्याकडे आहे त्यापेक्षा जुन्या बाटलीत लाकूड अधिक भरघोस होते हे मलाही जाणवले. पण आपल्या आईने जुनी बाटली हुंगलेलीच नसेल, तर या तुलनेने तिचा आनंद कमी होण्याचे कारण नाही.

आता आपल्या आईविषयी. त्यांना अबोली किंवा सोनचाफ्यासारखी साधी फुले आवडत असतील, अत्तराच्या फायापासूनही त्या दूर राहत असतील, तर ही भेट कपाटात पडून राहील. त्या रेशमी साडीबरोबर घसघशीत गजरा माळणाऱ्या आणि उदबत्तीचा घमघमाट आवडणाऱ्या असतील, तर द्यावे असे मी म्हणेन. मात्र पूर्ण बाटली घेण्याआधी मुंबईला किंवा पुण्याला जाणे झाले की टेस्टरचा एकच फवारा कोपराच्या आतल्या बाजूस मारून घ्यावा, दुकानाबाहेर पडावे, दुपारचे जेवण करावे आणि चार-पाच तासांनी पुन्हा हुंगून पाहावे. शक्य असल्यास आईलाच सोबत न्यावे. ओ द तॉयलेत आणि ओ द पार्फ्यूम अशा दोन्ही प्रकारांत ते मिळते. चिपळूणसाठी मी पहिला, सौम्य प्रकार सुचवीन. बाटली उन्हाच्या खिडकीत किंवा न्हाणीघरात न ठेवता कपड्यांच्या कपाटात, खोक्यातच ठेवावी. रेशमावर थेट फवारू नये, डाग राहतो. आणि ज्या दिवशी मोगऱ्याचा गजरा माळायचा असेल त्या दिवशी 'सामसारा'ला सुट्टी द्यावी, कारण खऱ्या मोगऱ्याशेजारी बाटलीतले फूल अगदी उघडे पडते.